तिसऱ्या खिडकीची सीट

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी नियमित. आमची कंपनी आठ प्रवाशांचं बिझनेस जेट बनवते आहे, आणि त्यातली केबिन म्हणजे मी. पंख, इंजिन वगैरे किरकोळ गोष्टी इतर मंडळी बघतात. पण माणूस पंखावर बसत नाही, सीटवर बसतो. हे सासरेबुवांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुपारी आलेल्या पाहुण्यांना 'हे आमचे जावई, फर्निचरचं बघतात' अशी ओळख करून दिली. संकल्प: विमान उडेल त्या दिवशी यांची बोलती बंद करायची.

११ फेब्रुवारी
विमान ठरल्यापेक्षा दोनशे किलो जड. चीफ इंजिनिअर सगळ्या विभागांवर उखडले. माझं अक्रोडाचं घडीचं टेबल तासून तासून पुठ्ठ्याएवढं पातळ झालं. शिवाय त्याचा खटका आपोआप उघडतो. मी रिपोर्टमध्ये 'ऑटोमॅटिक' लिहिलं.

२ मार्च
वजन विभागाचा माणूस काटा घेऊन आला. मला वर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो. गडी खूश. म्हणाला, पहिल्या उड्डाणाला तिसऱ्या खिडकीच्या सीटवर एवढंच वजन हवंय. बाकी कोणाला विचारलंसुद्धा नाही. निवड झाली!
बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, तसं लेखी दिलंय का? हिला सगळं लेखी लागतं.
सासरेबुवा मात्र पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, तुम्ही उडायला लागलात तर फर्निचरचं कोण बघणार? म्हटलं, आता दुसरा माणूस बघतो. एवढं खोटं चालतं.

१९ मार्च
विमानासाठी त्याग. चहातली साखर बंद. वजनवाल्याला अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही खुशाल बारीक व्हा, गोणी तेवढीच राहील. कसली गोणी ते विचारलं नाही. मोठ्या माणसानं बारीकसारीक तपशिलात शिरू नये.
पण बारीक होण्याची गरज नाही, एवढं त्याच्या बोलण्यातून स्पष्ट निघतं. साखर सुरू.

३० मार्च
नवं जाकीट घेतलं. आरशासमोर हात हलवण्याची प्रॅक्टिस. फार जोरात नको, अनुभवी वाटलं पाहिजे.

६ एप्रिल, सकाळी ६.१०
आज उड्डाण. सासरेबुवा, सासूबाई आणि बायको धावपट्टीच्या कुंपणाशी थांबणार. सासरेबुवांनी शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणली. त्यांना पुन्हा बजावलं: तिसरी खिडकी.

सकाळी ९.४०
शिडीवरच अडवलं. आत फक्त दोन पायलट. माझ्या सीटवर वाळूची गोणी, व्यवस्थित पट्टा बांधलेली. वजनवाला म्हणाला, जाडजूड प्रवाशाचा नमुना हवा होता, आणि कंपनीत तुमच्यासारखा दुसरा नाही.
कुंपणावरून दिसलो असतो तर सगळंच मुसळ केरात. हँगरमागे जुन्या पत्र्यांच्या आडोशाला उभा राहिलो. विमान उडालं. म्हणजे आवाज ऐकला. इतकी वर्षं खपलो आणि उडताना बघता आलं नाही. रडू आलं, ते इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी
सासरेबुवा दारातच उभे. माझा हात दोन्ही हातांत धरला. "जावईबापू, दुसरा कोणी असता तर घाबरला असता. तुम्ही जागचे हलला नाहीत."
हात का हलवला नाही, असं सासूबाईंनी विचारलं. त्यांना सासरेबुवांनीच गप्प केलं. ड्यूटीवरचा माणूस हात हलवत नाही म्हणे.
बायकोनं जाकिटावरचा गंज झटकला.

७ एप्रिल
ऑफिसात कळलं की विमान टेकताना टेबलाचा खटका उघडला आणि टेबल गोणीवर आदळलं. गोणी फाटली. केबिनभर वाळू. चीफ इंजिनिअरनी मला सोमवारी भेटायला बोलावलंय. कौतुकासाठी नसावं.
घरी सासरेबुवांनी शेजाऱ्यांना बोलावून ठेवलेलं. सगळ्यांसमोर विचारलं, उतरताना कसं वाटलं? काहीतरी खरं सांगावंसं वाटलं. म्हटलं, टेबल पोटावर पडलं.
सासरेबुवा असे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. माझ्यासाठी संतापले होते, हे विशेष. म्हणाले, "तुमच्या जागी जो फर्निचरचं बघतो ना, त्या गाढवाला आधी हाकला."
शेजारीही हो म्हणाले. स्वयंपाकघरात बायकोला खोकल्याची उबळ आली.
सोमवारी बहुधा होईल, असं मी म्हटलं.