दोन बाकं पुढे

१२ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पिलूचा खोकला गेला. वहिनीने पाठवलेला स्वेटर तिच्या अंगाला अगदी बरोबर बसला, तिला सांग.

परीक्षा झाली. गणिताचा पेपर तू म्हणालास तसाच निघाला. शेकडेवारी, नफा-तोटा, चक्रवाढ व्याज पटापट सुटलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत गुणोत्तरं सोडवली, त्याचं चीज झालं म्हणायचं. आगगाडीच्या गणितात मात्र पुलाची लांबी मिळवायला पुन्हा विसरले. हसू नकोस.

घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ते तुला ठाऊकच आहे. ह्यांना कळलं असतं, तर भाजीवालीकडच्या माझ्या हिशेबाची थट्टा जेवण होईपर्यंत चालली असती. त्यापेक्षा एकदम निकालच समोर ठेवावा, असा माझा बेत होता.

दादा, खरं तर दुसरंच लिहायला बसले आहे आणि हात पुढे जात नाही.

मी जागेवर बसले, पेन काढलं, मान वर केली, तर दोन बाकं पुढे हे! तोच निळा शर्ट, सकाळी मीच इस्त्री केलेला. ऑफिसला जातो म्हणून डबा घेऊन निघाले होते, आणि ती डब्याची पिशवी तिथे भिंतीशी ठेवलेली. आधी वाटलं, माझं बिंग फुटलं. मग लक्षात आलं, की पक्की नोकरी असलेला माणूस ह्या वयात कारकुनाच्या परीक्षेला कशाला बसेल? त्यानंतर कितीतरी वेळ मी प्रश्नपत्रिकेकडे नुसती बघत होते. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता.

सुटल्यावर हे जाईपर्यंत मी खांबाआड उभी राहिले. हे घरी आले ते नेहमीच्याच वेळेला. हातपाय धुताना म्हणाले, "आज साहेबांनी नुसतं डोकं खाल्लं." इतकं सहज! मला भीतीच वाटली. ह्या माणसाचं आणखी काय काय मला माहीत नाही?

जेवताना त्यांनी विचारलं, "तू काय केलंस दिवसभर?"

"तुम्ही केलंत तेच," मी म्हणाले.

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग सगळं बाहेर आलं. कंपनी उन्हाळ्यातच बंद पडली. तेव्हापासून हे रोज वाचनालयात बसून हीच गणितं सोडवत होते. मी रडले, आणि चिडले तर इतकी की पिलू घाबरून आत पळाली. "मला सांगायला काय झालं होतं?" तर म्हणे, "तू तरी कुठे सांगितलंस?"

मग हे हळूच म्हणाले, "ते टाकीचं गणित आलं का गं तुला? नळ चार तासांत भरतो, गळती सहा तासांत रिकामी करते, तर टाकी भरायला किती वेळ? मी सरळ सहातून चार वजा केले. दोन तास. बरोबर ना? तेवढं एक बरोबर असलं, तर आशा आहे."

वेळा वजा करायच्या नसतात, एका तासाचं काम वजा करायचं असतं, हे तू माझ्याकडून किती घोटवून घेतलंस. उत्तर बारा तास. मी बाराच लिहिलंय.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, माझंही दोनच आलं."

तुझी,
पास होण्याची धास्ती घेतलेली बहीण