जुवावरचा दिवा

१० जानेवारी २०२६

माणसाला न दिसणारा उजेड बैलांना दिसत असेल का? बाबांनी विचारलं. शोधून सांगते म्हटलं! घरातली पहिली पदवीधर ना मी.

पण माझा प्रयोग चालला! जुवावर बारका इन्फ्रारेड दिवा, अकोल्याहून कॉलेजातल्या मैत्रिणीने, करिश्माने पाठवलेला. डोळ्यांना काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यात मात्र पांढरा ठिपका — बैल पळाले की ठिपका पळतो! बाकीचा उजेड अडवायला कॅमेऱ्यापुढे आईबाबांच्या लग्नाच्या फोटोरिळाचं काळं टोक चिकटवलंय.

११ जानेवारी

ठिपका गायब. तार तपासली, सेल बदलला. मग दिवाच जवळून पाहिला — आईने त्याला जाड शेंदूर फासलेला! जुवाला बांधलेली वस्तू पुजल्याशिवाय शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, न्यायची नाही म्हणे. दिवा आंधळा झाला म्हटलं, तर म्हणते, "मंग बाजूले लावतो. बिनापूजेचा नाई जाऊ देत."

१३ जानेवारी

पटाच्या कमिटीने हो म्हटलं! कोणती जोडी आधी पोचली यावरून दरवर्षी भांडण. अध्यक्ष खुशालराव म्हणाले, निकाल झेंडेवालाच देईल; कोणी वाद घातला तरच तुझा कॅमेरा पाहू. चालेल! प्रत्येक जोडीच्या दिव्याची लुकलुक वेगळी ठेवली, म्हणजे कॅमेरा जोडी ओळखतो. घरी नाचतच आले.

१६ जानेवारी

जिंकलो! शेवटची लढत भातकुलीच्या श्यामकाकांशी. बाबा जोडी हाकत होते. दोन्ही जोड्या बरोबरीने आल्या, नुसती धूळ — आणि झेंडा आमचा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुलाल, हलगी, बाबा लोकांच्या खांद्यावर. श्यामकाका हरूनही हसत होते, "किसनराव, पोरगी शिकली तं शिकली, तुमचे बैलंई शिकले लेका!"

वाद कोणीच घातला नाही. बक्षिसाची ढाल देव्हाऱ्यापाशी ठेवली. बाबा दर थोड्या वेळाने तिला हात लावून येतात.

मी हौसेने चित्रण लावलं. रेषेवर श्यामकाकांचा ठिपका आधी. जेमतेम, पण आधी. पुन्हा पाहिलं. दिवे नीट होते, दोन्ही मीच बांधले होते.

आई शिरा करून राहिली. मला कोणी काही विचारलेलं नाही.

१७ जानेवारी

पहिल्या गाडीने भातकुलीला जाऊन आले. श्यामकाकांना चित्रण दाखवलं, ढाल त्यांच्या हातात दिली. बाबा अंगणात बैल धूत आहेत. देव्हाऱ्याकडे अजून गेलेले नाहीत.