कोणीतरी मला अडवा

३ मार्च
ठरलं! अवयवदान करायचं. ऑफिसात त्यावर व्याख्यान झालं, आणि अख्ख्या हॉलमध्ये माझा एकट्याचा हात वर गेला. खरं तर पंखा कमी करा म्हणायचं होतं. पण व्याख्यानवाल्या डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

४ मार्च
घरी जाहीर केलं. बायको रडेल, अडवेल, मग मी मोठ्या मनाने तिचं ऐकेन, असा अंदाज होता. ती म्हणाली, बरं झालं, कोणाच्या तरी उपयोगी पडाल. आणि भांडी विसळायला गेली.

५ मार्च
आईला फोन. आई तरी नको म्हणेल! तर म्हणाली, लहानपणी साधा खोडरबर कोणाला दिला नाहीस, आता देतोयस, छान. फार लागलं मनाला.

८ मार्च
द्यायचं तर चांगलं द्यावं. आजपासून सिगारेट बंद, रोज चालणं. फॉर्मवरची सही मात्र तब्येत सुधारल्यावर. घाई नको.

९ मार्च
गुडघा दुखतोय. एक सिगारेट. गुडघ्यासाठी.

१४ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांनी पाठ थोपटून माझं नाव नोटीस बोर्डावर लावलं. सही अजून केलेली नाही, हे सांगायला तोंडच उरलं नाही. शिवाय लिफ्टमध्ये हिशेबनीस माझ्या चष्म्याआडच्या डोळ्यांकडे टक लावून बघतो. त्याच्या मेहुण्याला हवाय म्हणे एक. अहो, मी अजून वापरतोय!

१९ मार्च
ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. सही केली की वरचा कोणीतरी लगेच कामाला लागेल, असं वाटतं. मूर्खपणा आहे, कळतं. तरी फॉर्म गादीखाली सरकवला.

२१ मार्च
अंतिम निर्णय. सही करायची नाही. शरीर माझं, ठरवणार मी! बायकोला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, नका करू. मग भाजी चिरता चिरता म्हणाली, डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. सही नसली तर वेळ आल्यावर घरच्यांना विचारतात. म्हणजे तिलाच. आणि ती हो म्हणणार आहे. ठरलंय तिचं.

मी विचारलं, सगळंच देणार?

विळी बाजूला ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, चष्मा ठेवीन.