शेवटच्या ओळीतलं नाव

शिरूर,
२० जानेवारी २०२५

ति. सोजरमामीस,
इंद्रजीतचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

पत्र लिहायचं नाताळाच्या आधीपासून लांबवतोय. कागद आणला, त्यावर भजी खाल्ली. दुसरा आणला, तो माझ्या खोलीतल्या मल्हारीनं पत्त्यांचे गुण मांडायला नेला. फोन केला तर तुमच्या कानात नुसती गुरगुर, म्हणून तुम्ही तो लेकीकडं देता आणि सुषमाताईचं बोलणं म्हशीवर घसरतं. म्हणून पत्रच.

कंपनी सोडली. आता लगेच कपाळाला हात लावू नका. मल्हारीच्या बँडात कॅसिओ वाजवतो. कवठे येमाईला वरात, वडगाव रासाईला हळद, असं फिरणं चाललंय. वडगावला भीमेच्या कडेला बसलो होतो, तवा हौसरावमामांची फार आठवण आली. बाजाची पेटी उघडायच्या आधी मामा तिच्यावर हात ठेवायचे आन् देवबापा, तुझंच हाय, असं पुटपुटायचे. चर्चमध्ये भजन संपून लोक वाहवा करायला लागले की हे गुपचूप बाहेर, सगळ्यांच्या चपला ओळीनं लावत बसलेले. मला वाटायचं, चपला चोरीला जातात म्हणून राखण करतात!

सांगायचं राहिलंच. तिथंच मला एक भजन सुचलं. शब्द माझे, चाल माझी. सुषमाताईच्या मोबाइलवर पाठवलंय. हंगामाच्या सणाला लोक पहिली कणसं, पहिले कांदे वेदीपाशी ठेवतील, तेव्हा तुमच्या मंडळानं ते म्हणावं. अट एकच. शेवटच्या ओळीत ‘इंद्रजीत म्हणे, पिकला हा मळा’ आहे, ते नाव गाळायचं नाही. अभंगात नाव असतंच की. माझं आजवर फक्त कंपनीच्या हजेरीत आणि तुमच्या शिव्यांत आलंय.

कान धरा, पण माया पातळ करू नका.
तुमचा,
इंद्रजीत

दौंड,
२९ जानेवारी २०२५

चि. इंद्रजीत यास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

पत्राला भज्याचा वास होता, म्हंजी पहिलाच कागद वापरलास. कंपनी सोडलीस, बरं केलंस की वाईट, ते तुझ्या पोटाला कळेल.

सुषमानं मोबाइल पार माझ्या कानाला चिकटवला. शब्द गोड हायेत. चाल मात्र तुझी न्हाई रे बाळा. तुझे मामा पहाटे धार काढताना तीच गुणगुणायचे. तू माझ्या मांडीवर अर्धा झोपलेला असायचास. त्यांनी तिच्यात कधी शब्द घातले न्हाईत, ते तू घातलेस. मला रडू आलं, सुषमाला वाटलं कान दुखला.

मामांची भजनं राहू गावापासून शिरूरपर्यंत गात्यात, एकातबी त्यांचं नाव न्हाई. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, पोस्टमन दुसऱ्याच्या पत्राखाली आपली सही करतो व्हय? नाव घालणं पाप न्हाई, घालणाऱ्यांनी घातलंय. पण वेदीपुढं आणलेल्या कणसावर कुणी आपलं नाव लिहीत न्हाई, आणि हे भजन तू तिथंच ठेवायला निघालास. म्हणून मंडळाला मीच सांगितलं, नावासकट म्हणायचं न्हाई. तू रुसून आला न्हाईस तर माझं काळीज तुटंल, तरीबी न्हाई.

मामा गेल्यापासून पेटी गोधडीत बांधलेली हाय. वाजवणारा न्हाई. यंदाबी टाळांवरच भागवू. सण सोळा तारखेच्या रविवारी हाय.

प्रभू तुला सांभाळो. जेवत जा.
तुझी,
सोजरमामी

शिरूर,
८ फेब्रुवारी २०२५

ति. मामीस,
इंद्रजीतचा सलाम. वि. वि.

रुसलो होतो, खोटं कशाला बोलू. मल्हारीलासुद्धा म्हटलं, गेलं ते भजन खड्ड्यात. मग ईर्ष्येनं दुसरी चाल बांधायला बसलो, अगदी माझी एकट्याची. बांधली, आणि ऐकतो तर काय! वरची ओळ मामांची, खालचा ठेका दौंडच्या यार्डातल्या मालगाडीचा, गळा आईचा. आईला तो कुणी दिला? माझं म्हणावं असं शोधत गेलो आणि हाताला काहीच लागेना. गंमत म्हंजी, वाईट वाटायच्या ऐवजी हलकंच वाटलं, डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घेतल्यागत.

शेवटची ओळ बदललीय. आता ‘तूच पेरिलेस, पिकला हा मळा’. चालीत बरोब्बर बसते, म्हणून बघा.

पण रविवारचं माझं काही खरं नाही. मंडळात बसून टाळ वाजवीन म्हटलं तरी ती पेटी डोळ्यांसमोर येते. मामांच्या पेटीला हात लावायचा म्हणजे, लग्नात कॅसिओवर नागीण वाजवणारी बोटं ही. तेव्हा यंदा तुम्ही टाळांवरच म्हणा, मी पुढच्या वर्षी—

मामी, थांबा. खाली रिक्षा थांबली. मल्हारी जिन्यातून ओरडतोय की कुणी म्हातारी एकटीच एस्टीनं आलीय, काही विचारलं तर ऐकूच येत नाही, आणि गोधडीत बांधलेलं गाठोडं कुणाला उचलू देत नाही.

जिन्यावरून बघतोय. तुम्हीच. गाठोडं खालच्या उंबऱ्यावर ठेवलंय, आणि आत यायच्या आधी वाकून आमच्या बँडातल्या पोरांच्या चपला ओळीनं लावताय. हे पत्र आता टपालात टाकत नाही. खाली येतो, उरलेल्या चपला मी लावतो.