गळक्या मोटारसायकलीची आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, ओमुर्झाक शेरालीयेव, वय शहात्तर, पूर्वी सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टर दुरुस्तीखात्यात मेकॅनिक, राहणार अक-सू, काराकोलजवळ, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी कोणाचं ऐकणाऱ्यातला नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कलम १. राहतं घर आणि सफरचंदांची बाग माझा एकुलता एक मुलगा एर्मेक, हल्ली मुक्काम बिश्केक, याला मिळावी. मात्र अंगणापलीकडच्या दोन खोल्या माझे थोरले बंधू कै. इसाबेक यांच्या पत्नी बुरुलचा वहिनी यांच्याच ताब्यात त्यांच्या हयातीपर्यंत राहतील. तिथे भाडेकरू घालू नये. झाडं तोडून गाड्या लावायला जागा करू नये. एर्मेक, तुझ्या डोक्यात हा विचार येऊन गेलाय हे मला माहीत आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते मयताच्या जेवणाला वापरावं. घोडा कापू नये. लोक काय म्हणतील म्हणून घोडे कापायची जी चढाओढ गावात चाललीय, तिच्यात माझं नाव नको. एक मेंढी पुरे. कमी पडलं तर चहा वाढवा.

कलम ३. माझी सगळी हत्यारं समोरच्या गेनादीला द्यावीत. तो माझा आयुष्यभराचा मित्र आणि आयुष्यभराचा टीकाकार. बाराचा पाना पेटीत सापडणार नाही. तो त्याच्याच घरी आहे, त्याने नीट शोधावा.

कलम ४. साइडकारची जुनी मोटारसायकल. हे कलम बुरुलचा वहिनींसमोर वाचू नये. त्या बसल्या असतील तर त्यांना चहा आणायला पाठवावं आणि मग वाचावं.

ही गाडी दादाची. उन्हाळ्यात वरच्या कुरणाकडे निघालो की साइडकारमध्ये वहिनी, त्यांच्या मांडीवर कोकरू, पायाशी चहाचा सामोवार, आणि मागे दादाला घट्ट धरून मी. काय दिवस होते ते! चढावर इंजिन धापा टाकायला लागलं की दादा टाकीवर थोपटून म्हणायचा, "चल गं बाई, आलंच." संध्याकाळी घरी आला तरी आधी घरात जायचा नाही. गाडीपाशी उकिडवा बसून तिला पुसायचा. वहिनी दारातून ओरडायच्या, "अहो, एकदा सांगून टाका, तुमचं लग्न नक्की कुणाशी लागलंय?"

दादा गेला आणि गाडी गोठ्यात गवताखाली गेली. निवृत्त झाल्यावर मी ती बाहेर काढली. इंजिन उघडलं, नवे पिस्टन बसवले, रंग दिला. पहिल्या लाथेला सुरू झाली तेव्हा मी अंगणात उभा राहून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण तेल गळायला लागलं. खाली काळं डबकं. मी सगळी गॅस्केटं बदलली. झाकणं काचेवर घासून सपाट केली. ऑइल सील नवे घातले. इंजिनाची श्वासनळी तुंबली असेल म्हणून तीही साफ केली. दोन-चार दिवस कोरडं, की पुन्हा डबकं. त्यात नवल हे, की तेल मोजायच्या दांडीवर इंजिनातल्या तेलाची पातळी तसूभरही उतरत नव्हती. गेनादी भिंतीवरून बघायचा. "मग काय हवेतून गळतंय? अरे, तुझ्या हातालाच गळती लागलीय ओमुर्झाक. आता नातवंडांच्या सायकली दुरुस्त कर."

त्यातच एर्मेकने अल्माटीचा गिऱ्हाईक आणला. जुन्या गाड्या जमवणारा. त्याची एकच अट, गाडी कोरडी हवी. "बाबा, एवढी गळती काढा," एर्मेक म्हणाला. "गोठ्यात सडण्यापेक्षा चांगल्या घरी जाईल." वहिनी तिथेच होत्या. हातातलं पीठ तसंच ठेवून आत गेल्या.

शेवटी मी जुना उपाय केला. इंजिन धुऊन पुसून कोरडं केलं आणि खडू कुटून त्याची पूड वरून खालपर्यंत मारली. तेल जिथून येतं तिथे ओली रेघ उठते. गेनादी म्हणाला, "पावडर लावून लग्नाला नेतोयस काय तिला?" शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं. सगळे सांधे पांढरे, कोरडे ठणठणीत. रेघ सुरू झाली होती पेट्रोलच्या टाकीवर. टाकीवर तेल कुठून येणार? बोट लावून वास घेतला. कणकेचे बोरसोक तळल्याचा वास.

पुढच्या शुक्रवारी मी गोठ्यात दाराआड उभा राहिलो. आपल्याकडे दर शुक्रवारी गेलेल्यांसाठी तेल तापवून बोरसोक तळतात, त्या वासावर ते घरी येतात. वहिनी कढईतलं कोमट तेल पळीतून घेऊन आल्या आणि टाकीवर सोडलं. तेच इंजिनाची काजळी धूत खाली उतरायचं. "घ्या," त्या म्हणाल्या. "आज जरा करपलेत, मी बोलत बसले होते. तुम्ही आधी इथेच येणार, मला माहितेय, म्हणून वास इथेच आणलाय. भावोजी चांगले आहेत हो, पण ही गाडी गेली तर तुम्ही कुठे उतराल?"

मी श्वास रोखून उभा होतो. माझा दादा मला तितका जवळ पुन्हा कधी वाटला नाही.

गिऱ्हाईक आला तो शनिवारी. खाली वाकला, डबकं पाहिलं, मान हलवली. एर्मेक हात जोडून म्हणाला, "बाबा, सांगा ना त्यांना, नीट होईल म्हणून!" मी म्हणालो, "नाही होत. मला जमलं नाही." तो निघून गेला. त्या दिवसापासून ज्याला साधी गळती काढता आली नाही असा मेकॅनिक म्हणून मी गावात वावरतो आहे. गेनादीने तर त्यावर लग्नांतून भाषणं केली. खोटं बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण भाषणांचा राग जरूर आला. म्हणून इथे नोंदवतो: माझ्या एकाही सांध्यातून तेलाचा एक थेंबही गळत नाही.

सबब ही मोटारसायकल मी बुरुलचा वहिनींना देत आहे. त्यांना चालवता येत नाही, त्याची गरजही नाही. त्यांना फक्त एवढंच सांगावं की गाडी तुमची झाली, ती कुठेही जाणार नाही. मी पाहिलं होतं हे सांगू नये. सांगितलं तर त्या लाजतील आणि तेल ओतणं बंद करतील.

एर्मेक, बाळा, माझ्यानंतर तू महिन्यातून एकदा तरी शुक्रवारी घरी ये. आधी गोठ्यात जाऊन खाली बघ. डबकं असेल तर हात धुऊन जेवायला बस. आणि ज्या शुक्रवारी खालची जमीन कोरडी दिसेल, त्या दिवशी इंजिनाकडे बघत बसू नकोस. धावत जा आणि वहिनींचं दार ठोठाव.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

ओमुर्झाक शेरालीयेव (सही)

साक्षीदार:
१. चोल्पोन असानोवा, शिक्षिका (सही)
२. गेनादी लुकिच, शेजारी (सही). पाना सापडला. भाषणं परत घेतो.

स्थळ: अक-सू
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९