एका हातानं चालणारं पिस्तूल

मी, खाली सही करणारी आर्डिस मर्ल क्वाले, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गुरे पाळणे, राहणार सॉरेल क्रीक, साऊथ डाकोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी सगळे मर्लचे होते. वकील हॅमर म्हणाले, मोजके लिहा. जमेल तेवढे मोजके लिहिते.

कलम १. माझे पती मर्ल क्वाले दोन वर्षांपूर्वी वसंतात वारले. आम्हाला एकच मुलगी, लॉरीन, ती स्पोकेनला असते. मर्लचा धाकटा भाऊ लोवेल हयात आहे. कायद्याने लोवेल माझा वारस नाही हे मला माहीत आहे. माहीत नसते तर कागद लिहायला बसले नसते.

कलम २. जमीन सगळी लॉरीनला. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस एक्रॉथ यांचे कुंपण, उत्तरेस मोठे कुरण. उत्तरेच्या कुरणात प्रेरी डॉगची वस्ती आहे. कुत्र्यांशी त्यांचा संबंध नाही, जमिनीत बिळे करून राहणारी ती जाडजूड खार आहे. एका वस्तीत शेकडो असतात. गवत फस्त करतात, आणि बिळात पाय जाऊन गायीचा पाय मोडतो ते वेगळेच. कुरण भाड्याने दिल्यास हे भाडेकऱ्याला आधी सांगावे.

कलम ३. लांब नळीचे पिस्तूल, त्यावरची दुर्बीण, वाळूच्या दोन पिशव्या आणि मी भरलेली सगळी काडतुसे लोवेलला. यावर लॉरीन विचारणार, म्हणून कारण लिहिते.

गवताचे गठ्ठे बांधण्याच्या मशीनमध्ये गवत अडकले होते. मर्लने ते काढायला डावा हात आत घातला. ट्रॅक्टरवर लोवेल होता. त्याने पट्टा सुरू केला. मर्ल 'थांब' म्हणाला होता की 'चल', यावर दोघा भावांचे कधी एकमत झाले नाही, कारण दोघे त्यावर कधी बोललेच नाहीत. खरे तर त्या दिवसानंतर मर्ल लोवेलशी एक शब्दही बोलला नाही.

कोपराच्या वरपर्यंत हात गेला. रायफल धरता येईना. कुरणात प्रेरी डॉगवर नेम धरून बसणे एवढीच मर्लची करमणूक होती, तीही गेली. तो खिडकीशी बसून राही. त्या हिवाळ्यात एका दुपारी लोवेल आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने खोका ठेवला.

"वहिनी, हे एका हातानं चालतं. नळी लांब आहे, वर दुर्बीण आहे. पिशवीवर टेकवलं की झालं."

"तुझी घोडी दिसली नाही येताना."

"नाही दिसणार. विकली."

मर्ल शेजारच्या खोलीत होता. त्याला सगळे ऐकू जात होते. तो बाहेर आला नाही. लोवेलने अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि गेला. खोका बरेच दिवस टेबलावर पडून होता. मी त्याच्याभोवती ताटे मांडत असे. मग एका सकाळी मर्लने विचारले, "यात घालायचं काय?" अपघातानंतर आपणहून विचारलेला तो त्याचा पहिला प्रश्न.

दुकानातली काडतुसे आणली. ती रायफलच्या नळीचा हिशोब धरून केलेली. पिस्तुलाची नळी लांब म्हटली तरी रायफलपेक्षा आखूडच, त्यामुळे काडतुसातली बरीचशी दारू नळीबाहेर येऊन जळायची. डोळ्यांपुढे भडका, आणि पिस्तूल असे उसळायचे की नेम लागला तरी दुर्बिणीत आकाश.

"लागलं की नाही ते मला दिसतच नाही," मर्ल म्हणाला. "तू सांगतेस म्हणून मानायचं."

म्हणून काडतुसे घरीच भरायला सुरुवात केली. त्या कामाला दोन हात लागतात, एक काडतुसाची रिकामी पुंगळी धरायला, दुसरा भरायच्या यंत्राचा दांडा ओढायला. ते दोन हात माझे. आधी तो सांगे तसे मी करी. पुढे त्याने सांगायचे सोडले. लवकर जळणारी दारू घेतली, हलकी गोळी घेतली, ती पुंगळीत किती खोल बसवायची ते केसाकेसाने बदलून पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही. काडतुसे भरायच्या पुस्तकात घालून दिलेल्या मर्यादेबाहेर मी कधी गेले नाही, वर नाही आणि खालीही नाही. पाच काडतुसे भरायची, कोठारामागे कागदावर झाडायची, भोके मोजायची, परत येऊन हात शेकायचे. असे दोन हिवाळे गेले. शेवटी पाचही भोके एका नाण्याखाली झाकली जाऊ लागली. दुसऱ्या कोणी तिथेच थांबून केक कापला असता. पण नळी अजून उसळत होती. मी दारू आणखी थोडी कमी केली, भोके जरा पांगली तरी पांगू दिली. मग एका सकाळी कुरणात बार झाला आणि मर्ल दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला, "दिसलं."

तेवढेच म्हणाला. पुढची बावीस वर्षे मी तेच काडतूस भरले.

लोवेलचे आभार मर्लने मानले नाहीत. मीही मानले नाहीत, कारण मला मर्लबरोबर राहायचे होते. आता पिस्तूल ज्याने आणले त्याच्याकडे परत जावे. ती काडतुसे दुसऱ्या कोणत्याही हत्यारात घालू नयेत.

कलम ४. शेजारचे ड्वेन एक्रॉथ यांनी काडतुसांची दारू मोजायचा माझा जुना काटा नेला आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. चारा-दुकानात दहा माणसांसमोर त्यांनी मर्लला विचारले होते, "काय रे, नेम तुझा की बायकोचा?" मर्ल म्हणाला, "बायकोचा." तो काटा खोटे वजन दाखवतो. मी त्यांना दोनदा सांगितले, त्यांनी ऐकले नाही. हे कलम तिसरी सूचना समजावी.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च भागवावा, उरेल ते लॉरीनचे. माझे विणकाम चर्चमधल्या बायकांना. अर्धवट राहिलेले उसवले तरी चालेल.

कलम ६. घर. लोवेलने मरेपर्यंत या घरात राहावे, भाडे न देता. त्याच्यानंतर घर लॉरीनचे. तो ज्या जागेवर पत्र्याच्या गाडीघरात राहतो ती जागा विकली गेली आहे, आणि त्याला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. खालची खोली त्याने घ्यावी.

हे मी लॉरीनला फोनवर सांगितले आहे. तिचे म्हणणेही इथे असावे, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की तिला अंधारात ठेवले.

"ज्यानं बाबांचा हात घेतला त्याला बाबांचं घर?"

"हात मशीननं घेतला, लॉरीन."

"आणि मशीन कोणी सुरू केलं? मी खिडकीत उभी होते, आई. मला नको शिकवूस."

ती खिडकीत होती हे मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत ती बोलली नव्हती.

"बाबा गेले तेव्हा तू रडलीस तरी का गं?"

"नाही."

"मग तुझ्याशी बोलून काय उपयोग," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिचे खरे आहे. मर्ल गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पिसवांमुळे रोग पसरून कुरणातली प्रेरी डॉगची सगळी वस्ती मेली होती. त्यांची एकही शीळ ऐकू येत नव्हती. तरी तो रोज सकाळी खुर्ची टाकून, पिस्तूल पिशवीवर टेकवून बसे. मी विचारी, "काय दिसतं?" तो म्हणे, "गवत." वसंतात एकदा कॉफी घेऊन गेले तर तो खुर्चीतच गेलेला होता. मी आधी नळीतले काडतूस काढले, कॉफी गवतावर ओतली, मग घरी येऊन फोन केला. तेव्हा मला काही वाटले नाही. अजून वाटलेले नाही. हातपाय चालतात, भूक लागते, झोप येते. डॉक्टर म्हणतात, वाटेल हळूहळू. मी वाट पाहत नाही.

मर्लच्या दफनाच्या दिवशी लोवेल चर्चमध्ये आला नाही, बाहेर पिकअपमध्ये बसून राहिला. पुढच्या रविवारी घरी आला. मी लेफ्सा केल्या होत्या, बटाट्याच्या पोळ्या. त्याने एक हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"वहिनी, तो माझ्याबद्दल कधी काही बोलला?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, लोवेल."

खोटे सांगता आले असते. ते त्याच्या उपयोगाचे नव्हते.

"पण रोज घेऊन बसायचा ना ते?"

"रोज. पाऊस असला तरी."

त्याने पोळी खाल्ली, स्वतःची ताटली धुतली, पुसून जागेवर ठेवली. तेव्हापासून दर रविवारी येतो. आम्ही फार बोलत नाही. माझ्या घरात येऊन काही न मागता बसणारे दुसरे कोणी नाही.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी वकील हॅमर यांना नेमते.

कलम ८. मला मर्लच्या शेजारी पुरावे. चर्चपासून दफनभूमीपर्यंत लॉरीनने लोवेलच्या पिकअपमध्ये बसून यावे, त्याच्या शेजारच्या सीटवर. दुसऱ्या गाडीतून नाही. बोलायलाच हवे असे नाही. रेडिओ लावला तरी चालेल. रस्ता खराब आहे आणि लोवेल हळू चालवतो, त्याला घाई करू नये.

वकील हॅमर म्हणतात, ही अट कायद्याने टिकणार नाही, आणि मोडली म्हणून कोणाचा हक्क जाणार नाही. मी म्हटले, ठाऊक आहे. तरी राहू द्या.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझाच आहे आणि मला मान्य आहे. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांना यातून काही मिळणार नाही.

सही: आर्डिस क्वाले

साक्षीदार:
१. क्लॅरिस ओडेगार्ड, पोस्टमास्तर, सॉरेल क्रीक
२. व्हर्नन फायफली, पशुवैद्य, सॉरेल क्रीक

ठिकाण: सॉरेल क्रीक, साऊथ डाकोटा
तारीख: १४ ऑक्टोबर २०११