उत्तर बुरुजातला अंगठा

अलेन्तेजो, १२ मार्च

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. उत्तर बुरुजाच्या जिन्यालगतची भिंत तुम्ही बांधलेली, किल्ल्याचं हॉटेल झालं तेव्हाची, असं कळवलं होतं. ती सातशे वर्षांपूर्वीची आहे. तुम्हाला वाचतानाच कळलं असेल. तुमचं उत्तर यायच्या आत सांगते.

कोपऱ्यात तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसला आणि मी पुढे तपासलंच नाही. काम संपलं की ओल्या चुन्यात अंगठा दाबायचा, हे तुम्ही मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलंत. पण अंगठा गिलावा करणाऱ्याचा असतो, बांधणाऱ्याचा नव्हे, एवढं साधं मी विसरले. दगड तपासायला नेमलेली मी, भिंत नवी आहे, लिफ्टसाठी फोडायला हरकत नाही, अशा कागदावर सही करून बसले.

काल वायरमनने त्या भिंतीला भोक पाडलं. चार बोटं चुन्याआड दगड निघाला, त्यावर छिन्नीने कोरलेली किल्ली. वेशीच्या सातशे वर्षांच्या कमानीवर ज्या पाथरवटाची हीच खूण आहे, तोच हा. गौदेन्सियो मिस्त्री म्हणाले, "पोरी, बापाचा अंगठा दिसला की तुला पोपचं फर्मानच दिसतं." मला हसू आलं नाही.

पण गिलावा किती बेमालूम केलात, बाबा. कुठे ओल नाही, तडा नाही. पाहुण्यांतल्या एक आजी बिहीच्या फळांचा मुरांबा आणि पाव खाऊन वर जाताना रोज त्या भिंतीला गाल लावतात. म्हणतात, "उन्हात वाळलेल्या चादरीसारखी लागते हो." किल्ल्याला वेढा पडला तेव्हा जिथे लोकांनी भुकेपोटी घोडे खाल्ले, तिथे आता माणसं निवांत झोपायला येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

सोमवारी भिंत फोडणार आहेत. व्यवस्थापक दोना लेओकादियांनी विचारलं होतं, "माझे पाहुणे गुडघे धरून जिना चढतात. तुझी सही म्हणजे सही ना?" मी हो म्हटलं होतं. आता मागे फिरले तर त्या मला कामावर ठेवतील असं वाटत नाही.

हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही लगेच 'खुशाल कर' म्हणाला असता. एका भोकावर दोना लेओकादियांचा विश्वास बसणार नाही. गिलावा उतरवावा लागेल, कोपऱ्यासकट, कारण भिंतीचं वय दाखवणारा दगडांचा जुना सांधा तिथेच आहे. तुमचा अंगठा जाईल. हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही चुना मळलेला नाही, तेव्हा दुसरा ठसा होणार नाही. मी तुमच्या ठशात माझा अंगठा ठेवून पाहिला, तो आत हरवतो. परवानगी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि माझी अर्धी चूक तुमच्यावर येईल. दोना लेओकादियांसमोर मी छिन्नी लावणार आहे, परवा, गुरुवारी, चौदा मार्चला, सकाळी आठ वाजता.

तुमचीच,
देल्फिना